कच्चे मडके, पक्के मडके : चपट्या कृमीच्या मूलपेशींची गोष्ट

धाराशिव जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका अज्ञात ग्रीक व्यापाऱ्याने पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील मोठे शहर म्हणून त्याची नोंद केली आहे. तेथे मिळालेल्या मातीच्या मूर्ती, मणी, नाणी रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर वेचून जमवली आणि त्यांच्या नावाचे वस्तुसंग्रहालय गावात उभे राहिले. परंतु मराठी माणसाला तेर ठाऊक असते ते गोरोबाकाकांमुळे.

गोरा कुंभाराच्या दोन कथा आपण सर्वांनी ऐकलेल्या आहेत. पहिलीत, विठ्ठलाच्या नावाने घातलेली शपथ मोडली गेली म्हणून गोरोबा स्वतःचे हात तोडून टाकतात. पुढे पंढरपुरात नामदेवांच्या कीर्तनात सारे लोक हात वर करून टाळ्या वाजवू लागतात, गोरोबाही आपले थोटे हात उचलतात आणि त्यांना पुन्हा हात फुटतात. दुसरी कथा संतांच्या मेळ्याची. गोरोबा थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारून पाहतात आणि कोणते मडके कच्चे, कोणते पक्के ते सांगतात. नामदेवांचे मडके कच्चे ठरते.

विज्ञानाच्या मासिकात या कथा कशाला, असे वाचक विचारतील. कथेचे खरेखोटेपण हा आमचा विषय नव्हे. पण तुटलेला अवयव परत यावा ही माणसाची इच्छा किती जुनी आहे हे पहिल्या कथेत दिसते. कडबाकुट्टीच्या किंवा मळणीयंत्राच्या पात्यात बोटे गेलेला माणूस ज्या गावात नाही असे गाव या पट्ट्यात शोधावे लागेल, तेव्हा ही इच्छा नुसती जुनीच नव्हे, रोजचीही आहे. दुसऱ्या कथेतला कुंभाराचा प्रश्न तर जीवशास्त्रज्ञांनी शंभर वर्षांहून अधिक काळ जसाच्या तसा विचारला. तुटलेला अवयव नव्याने घडतो तेव्हा माती येते कोठून? शरीरात कुठेतरी कच्ची माती राखून ठेवलेली असते, की भाजलेली मडकी फोडून त्यांची पुन्हा माती केली जाते?

दहावीच्या पुस्तकात प्लॅनेरियाचे चित्र असते. एक किडा, त्याचे तुकडे, बाणाच्या खुणा आणि मग पुरे किडे. विद्यार्थी ‘पुनर्जनन’ हा शब्द पाठ करतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. त्या बाणांच्या पोटात अडीचशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे.

तो सुरू झाला एका शिक्षकाच्या हातून, आणि प्लॅनेरियावर नव्हे तर जलव्यालावर, म्हणजे हायड्रावर. अब्राहम ट्रेंबले हा हॉलंडमधील हेग शहराजवळ एका सरदाराच्या दोन मुलांना घरी शिकवायला होता. १७४० साली डबक्यातून आणलेल्या पाण्यात त्याला हिरवट, काही मिलिमीटर लांबीचे, बारीक भुजा असलेले जीव दिसले. ही वनस्पती की प्राणी, असा प्रश्न मास्तर आणि मुले यांच्यापुढे पडला. ट्रेंबलेने तर्क केला की वनस्पती असेल तर कापल्यावर दोन्ही तुकडे जगतील, प्राणी असेल तर मरेल. त्याने कापले. दोन्ही तुकडे जगले, पूर्ण झाले, आणि दोन्ही चालू लागले, भक्ष्य पकडू लागले! कसोटी चोख होती, पण निसर्गाने तिला दोन्ही बाजूंनी ‘हो’ म्हटले. १७४४ साली ट्रेंबलेने हे सारे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. प्रयोग करून प्राणिशास्त्र शिकण्याची परंपरा तिथून मोजावी असे आम्हांला वाटते.

प्लॅनेरिया हा गोड्या पाण्यातला, साधारण सेंटिमीटरभर लांबीचा चपटा कृमी. दगडाखाली, सावलीत राहतो. डोक्यावर दोन तिरळे वाटणारे डोळे, तोंड मात्र पोटाच्या मध्यावर. त्याला रक्तवाहिन्या नाहीत, गुदद्वार नाही. पण मेंदू, चेतारज्जू, स्नायू, आतडे आणि उत्सर्जनाच्या नळ्या आहेत. म्हणजे हायड्रापेक्षा हा बराच गुंतागुंतीचा प्राणी. अठराव्या शतकात पालासने आणि १८१४ साली स्कॉटलंडच्या डॅलिएलने त्याच्या पुनर्जननाची वर्णने केली. पण मोजमापाने काम झाले ते टॉमस हंट मॉर्गनच्या हातून. फळमाशीवरील कामासाठी १९३३ साली नोबेल मिळवणारा हाच तो मॉर्गन. त्याआधी, १८९८ साली, तो अमेरिकेतील ब्रिन मॉर या मुलींच्या महाविद्यालयात प्लॅनेरिया कापत बसला होता. किड्याचा २७९वा भागसुद्धा पुरा किडा घडवू शकतो, असा त्याचा हिशेब आहे.

मॉर्गनच्या दुसऱ्या एका निरीक्षणाकडे शिक्षकांनी मुलांचे लक्ष जरूर वेधावे. शेपटीकडच्या बारक्या तुकड्याला तोंड नसते, तो खाऊ शकत नाही. मग डोके घडवायला द्रव्य कोठून आणतो? उत्तर असे की तो बाहेरून काहीच आणत नाही. जखमेपाशी थोडी नवी ऊती उगवते, उरलेला तुकडा स्वतःलाच मोडून नव्या मापात बसवतो. तयार होणारा किडा पुरा असतो पण चिमुकला असतो. पुस्तकातील चित्रात सगळे किडे सारख्याच आकाराचे काढलेले असले तर ते चित्र चुकीचे आहे.

त्याच ब्रिन मॉरमध्ये हॅरिएट रँडॉल्फ या संशोधिकेने १८९०च्या दशकाच्या आरंभी पाण्यातल्या एका वलयी कृमीच्या जखमेजवळ मोठ्या केंद्रकाच्या, थोड्या पेशीद्रव्याच्या, कोवळ्या दिसणाऱ्या पेशी पाहिल्या आणि त्यांना ‘निओब्लास्ट’ म्हणजे नव-अंकुर पेशी असे नाव दिले. पुढे प्लॅनेरियातील तशाच पेशींनाही ते नाव लागू झाले. कच्च्या मातीचा पहिला संशयित मिळाला. परंतु कोवळी दिसते म्हणून पेशी सर्व काही घडवू शकते, हे कसे सिद्ध करणार?

येथे भौतिकशास्त्र मदतीला आले. रंटगेनने क्ष-किरण शोधून नऊ वर्षे होतात न होतात तोच, १९०४ साली, बार्डीन आणि बेटजर या अमेरिकी संशोधकांनी प्लॅनेरियावर ते सोडले. किडा दिसायला धडधाकट राहिला, फिरला. पण कापल्यावर त्याला काहीच उगवले नाही आणि काही आठवड्यांत, न कापलेलासुद्धा, तो मेला. क्ष-किरणांनी विभाजन पावणाऱ्या पेशी मरतात. प्लॅनेरियाच्या शरीरात विभाजन पावतात त्या फक्त निओब्लास्ट. म्हणजे रोजच्या झिजेची भरपाईही याच पेशी करत होत्या. तुटलेले डोके हे त्यांच्या दृष्टीने त्याच कामाचे मोठे रूप.

१९४०च्या दशकात फ्रान्समध्ये वोल्फ आणि दुब्वा यांनी याच्या पुढचे पाऊल टाकले. त्यांचा प्रयोग इतका साधा आहे की फळ्यावर खडूने काढून दाखवता येईल. किड्याचा एक भाग शिशाच्या पत्र्याने झाकायचा, उरलेल्या भागावर क्ष-किरण सोडायचे, आणि किरण लागलेल्या बाजूचे डोके छाटायचे. डोके आले, पण उशिरा. आणि झाकलेला भाग जखमेपासून जितका लांब, तितका उशीर जास्त. याचा अर्थ झाकलेल्या भागातील जिवंत पेशी वाट चालत जखमेपर्यंत पोचत होत्या.

वाचकांना वाटेल की निकाल लागला. तसे झाले नाही. विसाव्या शतकाच्या मध्यावर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आला आणि सॅलॅमँडरच्या तुटलेल्या पायात एलिझाबेथ हे यांना स्नायूंच्या पेशी आपली ओळख टाकून कोवळ्या होताना दिसल्या. भाजलेले मडके पुन्हा मातीत जात होते! मग प्लॅनेरियातही तसेच होत नसेल कशावरून? वाद काही दशके चालला. १९८९ साली बार्सिलोनाच्या बागुन्या यांच्या गटाने किरणांनी निकामी केलेल्या किड्यांत निओब्लास्ट टोचले, तेव्हा ते किडे वाचले आणि त्यांना पुनर्जनन साधले. पक्क्या, विशेषित पेशी टोचल्या तेव्हा साधले नाही. तरीही एक फट उरली होती. टोचलेल्या हजारो निओब्लास्टमध्ये प्रत्येक जण सर्व काही घडवू शकतो, की कोणी फक्त आतड्याचा, कोणी फक्त चेतापेशीचा कारागीर आहे? ही फट २०११ साली पीटर रेडियन यांच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेने बुजवली. स्वतःचे सर्व निओब्लास्ट गमावलेल्या किड्याला त्यांनी मोजून एकच पेशी दिली. काही किडे वाचले, आणि त्यांचे सारे शरीर हळूहळू त्या एका पेशीच्या वंशजांनी भरून गेले, जनुकांच्या दृष्टीने ते दात्याचेच झाले. प्लॅनेरियापुरता तरी निवाडा स्पष्ट आहे. त्याच्याजवळ कच्च्या मातीचा साठा आहे, आणि तो थोडाथोडका नव्हे. त्याच्या शरीरातील दर चार-पाच पेशींत एक निओब्लास्ट असते.

आता प्रश्न बदलतो. कच्ची पेशी कच्ची राहते कशी, आणि वेळ येताच पक्की होते कशी? येथून पुढचा इतिहास प्रथिनांचा आहे, कारण पेशीतली बहुतेक कामे करणारे हात प्रथिनांचेच. जनुके एकाच किड्याच्या सर्व पेशींत सारखीच असतात. निओब्लास्ट आणि चेतापेशी यांत फरक पडतो तो कोणते प्रथिन कोठे आणि किती तयार झाले याचा.

हे तपासायचे साधन १९९८-९९ मध्ये हाती आले. पेशीत दुपदरी आरएनए गेला की त्याच्याशी जुळणाऱ्या जनुकाचा संदेश नष्ट होतो, हा शोध फायर आणि मेलो यांनी सूत्रकृमीत लावला (२००६चे नोबेल याचेच). पुढच्याच वर्षी सांचेझ अल्वाराडो आणि न्यूमार्क यांनी तीच युक्ती प्लॅनेरियात चालते असे दाखवले. बार्सिलोनातील एका पडीक कारंज्यातून आणलेल्या किड्याचा वंश त्यांनी वाढवला आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांत तोच नांदतो आहे. काम करण्याची रीत मोठी गमतीची आहे. हवा तो दुपदरी आरएनए कालवलेले यकृताचे खाद्य किड्याला खाऊ घालायचे. विशिष्ट प्रथिन बनेनासे होते. मग डोके छाटायचे आणि काय बिघडते ते पाहायचे.

२००५ साली या रीतीने स्मेडवी-२ या प्रथिनाचे काम उघडकीस आले. हे पिवी नावाच्या प्रथिन-कुळातले आहे. या कुळाचा मूळ शोध फळमाशीच्या प्रजनन पेशींत लागला. पिवी प्रथिने बारीक आरएनए रेणू जवळ बाळगतात आणि त्यांच्या साहाय्याने जनुकसंचात उड्या मारणाऱ्या उपद्रवी घटकांना आवर घालतात. स्मेडवी-२ काढून घेतले तेव्हा अपेक्षा अशी की निओब्लास्ट मरतील. त्या मेल्या नाहीत. त्यांचे विभाजन चालू राहिले, जखमेकडे जाणेही चालू राहिले. पण त्यांच्या लेकी-पेशी झिजलेल्या पेशींची जागा नीट घेऊ शकेनात, आणि किडा डोक्याकडून आक्रसत मेला. कुंभाराच्या भाषेत सांगायचे तर माती होती, चाक फिरत होते, पण मडके उतरत नव्हते. मूलपेशी ‘असणे’ आणि तिच्यातून काही ‘होणे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे एका प्रथिनाच्या अभावाने दाखवून दिले. २००८ साली स्मेडवी-३ हे भावंडही तितकेच आवश्यक असल्याचे अमेरिकेतील ज्या शोधनिबंधाने दाखवले, त्याचे पहिले लेखक दशरथी पालाकोडेटी. पुढे त्यांनी बंगळुरूच्या इन्स्टेम संस्थेत प्लॅनेरियाची प्रयोगशाळा उभी केली.

बंगळुरूच्या या गटाचे २०१७चे काम आम्हांला विशेष वाटते, कारण त्यात प्रश्न थोडा बाजूने विचारला आहे. जनुकाचा संदेश वाचून प्रथिन घडवले जाते तेव्हा त्या संदेशाच्या शेपटाला धरून राहणारी काही प्रथिने असतात. त्यांपैकी एक प्रथिन काढून घेतल्यावर किड्याची त्वचा विस्कटली. त्वचेकडे निघालेल्या कोवळ्या पेशींना आपले संदेश नीट वाचता येईनात. आणि गंमत अशी की त्वचा जखमेवर धड बसली नाही, तर जखमेजवळच्या निओब्लास्टांचे विभाजनही वाढत नाही. दूरच्या मात्र नेहमीप्रमाणे विभागत राहतात. म्हणजे मूलपेशी एकटी निर्णय घेत नाही. जखमेवर झाकण नीट बसले आहे याची खूण पटल्यावरच पुढचे काम सुरू होते.

एक अडचण मात्र बरीच वर्षे होती. पिवी प्रथिन पेशीच्या आत असते. ते पाहण्यासाठी पेशी रंगवावी लागते आणि रंगवताना ती मरते. मेलेल्या पेशीकडून पुढे काय घडले असते ते कळणार कसे? २०१८ साली सांचेझ अल्वाराडो यांच्या गटाने टेट्रास्पॅनिन हे पेशीच्या बाहेरच्या पटलावरचे प्रथिन हेरले. त्याला चिकटणारे प्रतिपिंड वापरून जिवंत निओब्लास्ट वेचून काढता आल्या, आणि तशी एकेक पेशी टोचून किडे वाचवता आले. गोरोबांचे थापटणे म्हणावे ते हेच. मडके न फोडता ते कच्चे आहे हे ओळखता आले.

महाराष्ट्रात या प्रश्नाचा अभ्यास झाला तो मुख्यत्वे जलव्यालावर. पुणे विद्यापीठात डॉ. लीला मुळहेरकर यांनी विकास-जीवशास्त्राची परंपरा रुजवली. त्यांनी एडिंबर्गला वॉडिंग्टन यांच्याबरोबर कोंबडीच्या भ्रूणावर काम केले होते. त्यांचे विद्यार्थी डॉ. सुरेंद्र घासकडबी यांनी पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत हायड्रावर दीर्घकाळ संशोधन केले. पुण्याच्या हायड्राचे रीतसर वर्णन आणि वंशसंबंध २०११ साली ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा आपल्याकडच्या डबक्यातील हायड्राला शास्त्रीय पत्ता मिळाला. त्याआधी २०१० साली याच गटाने जपानी सहकाऱ्यांसह एक सुंदर प्रयोग नोंदवला. बेडकाच्या भ्रूणात पाठीचा कणा आणि मेंदू कोठे घडावेत हे ठरवण्यात नॉगिन नावाचे प्रथिन भाग घेते. तसेच जनुक हायड्रात सापडले. ज्याला ना कणा ना मेंदू, त्या हायड्राच्या नॉगिनचा संदेश बेडकाच्या कोवळ्या भ्रूणात टोचला, तेव्हा प्रत्येक भ्रूणात शरीराचा दुसरा अक्ष उमटला. कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या दोन प्राण्यांत प्रथिनाची भाषा एकच राहिली होती.

पुण्याच्याच आयसर संस्थेत डॉ. संजीव गलांडे यांच्या गटाने हायड्राचे डोके कोठे घडावे हे ठरवणाऱ्या बीटा-कॅटेनिन या प्रथिनाच्या हाताखाली कोणकोणती जनुके चालतात याचा शोध घेतला. या प्रथिनाची करामत शिक्षकांनी वर्गात कोड्यासारखी घालावी. हायड्रात त्याचा जोर वाढवला तर अंगभर भुजा फुटतात, म्हणजे ते ‘डोके कर’ असे सांगते. प्लॅनेरियात ते काढून घेतले, तर शेपटीच्या जागी डोके उगवते (२००८), म्हणजे तिथे ते ‘शेपूट कर’ असे सांगत होते! प्रथिन तेच, निरोपाचा अर्थ मात्र ऐकणाऱ्या शरीरावर ठरतो. हायड्राचा साठाही प्लॅनेरियासारखा एकजिनसी नाही. बाहेरच्या थराची, आतल्या थराची आणि उरलेल्या पेशींची, अशा त्याच्या मातीच्या तीन वेगळ्या राशी आहेत.

आता हाताकडे येऊ. माणसाजवळ निओब्लास्टसारखी सर्व काही घडवणारी पेशी प्रौढपणी नाही. असती तर ती धोक्याचीही ठरली असती. तशा क्षमतेच्या पेशी उंदराच्या शरीरात टोचल्या तर केस, दात, स्नायू यांची सरमिसळ असलेल्या गाठी होतात. आपल्याजवळ आहेत त्या ठरावीक कामाच्या मूलपेशी. अस्थिमज्जेतील मूलपेशी रक्त घडवतात. आणि उंदरांना किरणांनी निकामी करून बाहेरून मज्जेच्या पेशी देण्याचा टिल आणि मॅकलॉक यांचा १९६१चा प्रयोग तर्काच्या दृष्टीने थेट प्लॅनेरियावरील प्रयोगांच्या जातीचा आहे. रक्ताच्या कर्करोगात होणारे मज्जारोपण याच तर्कावर उभे आहे. सॅलॅमँडरचा मार्ग आणखी निराळा. त्याच्या पायाच्या पेशी कोवळ्या होतात खऱ्या, पण आपले कूळ विसरत नाहीत. स्नायूची स्नायूच घडवते, कूर्चा घडवत नाही, असे २००९ साली दिसून आले. मडके पुन्हा मातीत जाते, पण पुन्हा मडकेच होते, पणती होत नाही.

आणि माणसाला बोट मुळीच येत नाही असेही नाही. दारात चेंगरून लहान मुलांच्या बोटाचे टोक तुटले आणि ते नखाच्या मुळापलीकडचे असले, तर जखम शिवून बंद न करता स्वच्छ झाकून ठेवल्यास नखासह टोक परत येते, अशी नोंद इंग्लंडमधील शेफील्डच्या डॉक्टर इलिंगवर्थ यांनी १९७४ साली केली. उंदरांतही हेच होते. २०१३ साली त्याचे एक कारण सापडले. नखाच्या मुळाशी मूलपेशी असतात आणि त्यांच्या लेकी-पेशींत बीटा-कॅटेनिनचा निरोप चालू झाल्याशिवाय खालचे हाड वाढत नाही. पाते नखाच्या मुळामागून गेले की हा निरोपच नाहीसा होतो, आणि बोट भरून येण्याऐवजी व्रण धरते. अशा मागून छाटलेल्या उंदराच्या बोटात नखाच्या पेशींतील बीटा-कॅटेनिन मुद्दाम टिकवून ठेवले, तेव्हा टोक पुन्हा वाढू लागले.